अर्जदाराची गरज भागलेली आहे

थोरलीच्या उजव्या चपलेचा तळ बाहेरच्या कडेला डाव्या चपलेपेक्षा चार मिलिमीटरने जास्त झिजला होता. हे तिने नजरेच्या अंदाजाने ठरवले नव्हते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना भेट मिळालेल्या व्हर्नियर कॅलिपरने तीन वेळा मोजून तिने सरासरी काढली होती. चार मिलिमीटर याचा अर्थ उजवा पाय उचलला जात नव्हता, ओढला जात होता. हे निरीक्षण तिने अर्जाला जोडले. आधार-निधी विभागाचे उत्तर आले की, चप्पल ही अर्जदार नसल्यामुळे तिच्या स्थितीची दखल घेता येत नाही. तथापि अर्जदाराच्या स्थितीची दखल घेण्यासाठी फिजिओथेरपिस्ट येत्या एकोणीस तारखेला सकाळी अकरा वाजता घरी येतील.

मागणी साधी होती. थोरलीच्या कमरेखालचे स्नायू गेली अकरा वर्षे एकामागून एक राजीनामा देत होते. पलंगावरून उठवणे, न्हाणीघरात नेणे, कपडे चढवणे, खुर्चीत बसवणे आणि संध्याकाळी हेच सगळे उलट क्रमाने करणे, हे काम तिच्या धाकट्या बहिणीकडे होते. दोन वर्षांपूर्वी धाकटीचा उजवा खांदा आतून फाटला. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आणि त्यानंतर सहा महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, अशी तंबी दिली.

"आणि ताई?" धाकटीने विचारले होते.

"त्या बादलीपेक्षा हलक्या आहेत का?" डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून ऑपरेशनचा विषय निघाला की धाकटी म्हणायची, "बघू गं, पुढच्या महिन्यात." असे चोवीस पुढचे महिने येऊन गेले होते. निधी मंजूर झाला, तर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास एक मदतनीस बाई येणार होती. दोघींना तेवढेच हवे होते.

पत्रासोबत 'मूल्यांकनाची पूर्वतयारी' ही बत्तीस पानी पुस्तिका होती. तिच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते: 'मूल्यांकनाच्या दिवशी अर्जदाराने आपल्या नेहमीच्या स्थितीपेक्षा चांगल्या अथवा वाईट स्थितीत असू नये.' साठ गुणांचे कोष्टक होते. जितकी असमर्थता जास्त तितके गुण जास्त, आणि निधीसाठी चाळीस गुण आवश्यक. शिवाय चौदा दिवसांची रोजनिशी ठेवायची होती.

रोजनिशी म्हटल्यावर थोरलीच्या अंगात उत्साह संचारला. बत्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासताना 'एकच वाचन? बाकीची दोन कुठे आहेत?' असे लाल शाईने लिहिणारी बाई ती. तिने कोरी वही घेतली, रकाने आखले आणि पहिल्या दिवशी नोंद केली: 'खुर्चीतून हातांच्या आधाराने उठणे. वाचने तीन. सरासरी सत्तेचाळीस सेकंद.' एका वाचनावर विश्वास ठेवणे तिच्या तत्त्वात बसत नव्हते, म्हणून सकाळी तीन, दुपारी तीन आणि संध्याकाळी तीन वेळा ती उठू लागली. धाकटी घड्याळ धरून उभी राहायची आणि "चल ताई, चल, चल," असे शर्यतीतल्यासारखे ओरडायची.

"ओरडू नकोस. वाचनावर परिणाम होतो."

"मग काय गप्प उभी राहू? मला आपलं राहवत नाही."

नवव्या दिवशी सरासरी एकोणचाळीस सेकंदांवर आली.

थोरली वहीकडे बघत बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच एखादा आकडा बऱ्या दिशेला सरकला होता, म्हणून तिने सरासरी पुन्हा काढून पाहिली. मोजण्यासाठी ती जितकी उठत होती, तितके तिला उठायला जमू लागले होते.

खालच्या मजल्यावर भाऊसाहेब राहत. ते याच विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि आता अर्जदारांना विनामूल्य मार्गदर्शन करत. तीस वर्षे लोकांचे अर्ज नाकारल्यावर ते मंजूर कसे होतील, याची त्यांना शास्त्रीय उत्सुकता वाटू लागली होती. त्यांनी वही चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, हे काय करून ठेवलंत? तब्येत सुधारतेय की तुमची!"

"आठ सेकंदांनी," थोरली अपराधी सुरात म्हणाली.

"आठ सेकंद म्हणजे तीन गुण. अजून पाच दिवस असंच चाललं तर तुम्ही बऱ्या व्हाल, आणि मग कोणी विचारणार नाही तुम्हाला. ताबडतोब बंद. पूर्ण विश्रांती."

"अहो, पण सुधारतेय तर चांगलंच ना?" धाकटीने मध्येच विचारले.

"ताई, तुमचं मन फार साधं आहे," भाऊसाहेब धाकटीला म्हणाले. "सत्तेचाळीस सेकंदांनाही उचलावं लागत होतं, एकोणचाळीसलाही लागणार. उचलणं तेवढंच, गुण मात्र कमी."

थोरली चार दिवस जागची हलली नाही. पाचव्या दिवशी तिने फक्त पडताळणीसाठी एकदा उठून पाहिले. सत्तर सेकंद लागले. भाऊसाहेबांनी आनंदाने टाळी वाजवली, पण थोरलीचा चेहरा पडला. पुस्तिकेच्या पहिल्या पानानुसार नेहमीपेक्षा वाईट स्थितीत असणे हीसुद्धा फसवणूक होती. मग तिने आलेख काढला, दिवसाला किती वेळा उठले म्हणजे पुन्हा सत्तेचाळीसवर येता येईल याचे गणित मांडले आणि उत्तर चार आले. त्याप्रमाणे ती रोज मोजून चारदा उठू लागली. आपल्या नैसर्गिक स्थितीत राहण्यासाठी एखाद्या माणसाने इतके कष्ट घेतल्याची नोंद विभागाच्या इतिहासात नसावी.

सोळा तारखेला रंगीत तालीम झाली. भाऊसाहेब फिजिओथेरपिस्ट झाले. दारातून आत येऊन त्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"हे घर आहे की शोरूम? एवढी स्वच्छता! दोन गुण इथंच गेले."

धाकटीने घर विस्कटायला घेतले, पण तिचा हात असा की तिने पसरलेली वर्तमानपत्रेसुद्धा तारखेप्रमाणे पसरली. शेवटी भाऊसाहेबांनी स्वतः दोन उशा जमिनीवर फेकल्या, तेव्हा कुठे खोलीला गरज असल्याचा भास झाला.

मग त्यांचे लक्ष पलंगाच्या पायथ्याला बांधलेल्या दोरीकडे गेले. तिला दर पंधरा सेंटीमीटरवर गाठ होती. ती धरून थोरली पहाटे कुशीवर वळायची आणि निम्मी उठून बसायची. पुढचे निम्मे धाकटी करायची.

"ही काढा."

"का?"

"साधन वापरून जमतं म्हणजे जमतं. कलम नऊ."

"पण साधनाशिवाय जमत नाही," थोरली म्हणाली.

"तेच तर दाखवायचंय."

दोरी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला कुशीवरही वळता येईना. धाकटीने तिला तशीच उताणी उचलायला घेतली, आणि खांद्यातून कट्ट असा आवाज आला. थोरलीने तो स्पष्ट ऐकला. ओठ आवळून धाकटीने ताईला खुर्चीत बसवले आणि पाठमोरी होऊन उगाच खिडकीचा पडदा सारखा करत राहिली.

"दुखलं ना?"

"छे! पडद्याची कडी वाजली."

पडद्याला कडी नव्हती. तो तारेवर होता, आणि ती तार थोरलीने स्वतः मोजून आणलेली होती. त्या दुपारी दोरी पुन्हा बांधण्यात आली. भाऊसाहेबांनी दोन गुणांबद्दल हळहळ व्यक्त केली, तरी एकूण बेरीज त्रेचाळीस भरली.

"अभिनंदन!" ते म्हणाले. "पास आहात."

आयुष्यभर पहिला नंबर काढलेल्या थोरलीला साठांत त्रेचाळीस थोडे कमीच वाटले, पण ती तसे म्हणाली नाही.

"आता फक्त शेजाऱ्यांचं बघतो," भाऊसाहेब उठता उठता म्हणाले. "सामाजिक पडताळणीला साक्षीदार लागतात. समोरच्या वहिनी आहेत, वरच्या आजी आहेत. दोघींना सांगून ठेवतो, चांगलं बोला म्हणून."

"पुढची पानं?" थोरलीने विचारले. ते बावीस पानांपर्यंतच आले होते.

"पुढं किरकोळ आहे. घरच्यांची माहिती वगैरे. माझ्या तीस वर्षांत ती पानं कुणी वाचलेली मी पाहिली नाहीत."

थोरलीने वाचली होती. एकोणतिसाव्या पानावर ती दोनदा थांबली होती, आणि दोन्ही वेळा पुस्तिका मिटून तिने उशीखाली ठेवली होती. धाकटीला ते पान वाचून दाखवायचे, असे तिने रोज सकाळी ठरवले. रोज सकाळी धाकटीचा हात तिच्या पाठीखाली असायचा, आणि त्या वेळी असले काही वाचून दाखवणे बरे दिसले नसते.

एकोणीस तारखेला अकराला पाच मिनिटे कमी असताना फिजिओथेरपिस्ट आली. वय तिशीच्या आत, खांद्याला जड पिशवी, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. सकाळपासूनचे हे तिचे चौथे घर होते. तिने पिशवीतून सांध्यांचे कोन मोजायचे उपकरण काढले, आणि थोरली हरखून गेली.

"याचं लघुतम माप किती?"

"एक अंश."

"वा!"

"ताई, गप्प," धाकटी कुजबुजली. "भाऊसाहेबांनी हसायचं नाही म्हणून सांगितलंय."

फिजिओथेरपिस्टने काम चोख केले. घोटे, गुडघे, कंबर, तोल, पकड, सगळे तीन-तीनदा तपासले. दोरी तिने कौतुकाने हातात धरून पाहिली आणि तिचे गुण कापले नाहीत. जमिनीवरच्या उशा उचलून पलंगावर ठेवल्या. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "बाई, अशी रोजनिशी मी आजवर पाहिली नाही." मग बेरीज केली. चव्वेचाळीस झाले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या भाऊसाहेबांनी मान डोलावली.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "पान एकोणतीस."

थोरलीने डोळे मिटले.

"सध्या यांना कोण उचलतं?"

"मीच की," धाकटी म्हणाली.

"तुम्ही घरच्याच?"

"सख्खी बहीण."

फिजिओथेरपिस्टने खाली मान घालून लिहिले. "घरातली व्यक्ती, उणे आठ. स्वखुशीने करता?"

"हे काय विचारणं झालं? बहीण आहे माझी!"

"स्वखुशीने, उणे आठ. किती वर्षं?"

"अकरा," धाकटीने अभिमानाने सांगितले. "एक दिवस खाडा नाही."

"दर पूर्ण वर्षाला उणे एक," फिजिओथेरपिस्ट जवळजवळ पुटपुटली. "सतरा राहिले."

"कसले सतरा? आत्ता तर चव्वेचाळीस म्हणालात!"

"चव्वेचाळीस ही यांची असमर्थता. पण विभाग असमर्थतेला निधी देत नाही, गरजेला देतो. तुम्ही उचलता, म्हणजे गरज भागलेली आहे."

"अहो, पण माझा खांदा फाटलाय!"

"तुम्ही अर्जदार नाही. तुमचा वेगळा अर्ज करावा लागेल. तुमचं कोण बघतं?"

"कोण बघणार? ताईच. औषधाच्या वेळा तिच्या तोंडपाठ असतात. रात्री खांद्याला शेकायची पिशवी धरून बसते बिचारी."

"छान," असे म्हणून फिजिओथेरपिस्टने दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि लगेच तिला आपल्या शब्दाची लाज वाटली. "म्हणजे, छान नाही. पण पुस्तिकेप्रमाणे तुमचीही गरज भागलेली आहे."

अशा रीतीने एका घरात दोन बायका, त्यांच्यात एकटीने चालता न येणारी एक आणि हात वर न जाणारी एक, आणि दोघींनाही कशाचीही गरज नव्हती.

साक्षीदार याच वेळी आत आले. भाऊसाहेबांनी घोटून घेतलेली वाक्ये विसरण्यापूर्वी बोलून टाकायची घाई समोरच्या वहिनींना झाली होती.

"आम्ही रोज बघतो हो! काय करते ही बहिणीचं! पोटची मुलं करणार नाहीत इतकं करते."

"उणे दोन," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

"तोंडातून चकार शब्द नाही कधी," वरच्या आजी म्हणाल्या. "अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय."

"उणे दोन."

"थांबा, थांबा!" भाऊसाहेब उठले. "हे कुठलं कोष्टक? मी स्वतः सांगतो, अशी सेवा मी माझ्या तीस वर्षांच्या..."

"उणे दोन," ती म्हणाली. "अकरा राहिले. भाऊसाहेब, कृपा करून कुणी आता चांगलं बोलू नका."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. भाऊसाहेबांनी पुस्तिका हिसकावल्यासारखी घेतली आणि एकोणतिसावे पान नोकरीत असताना जसे उघडायला हवे होते तसे उघडले. बराच वेळ वाचून ते म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं चाळीसच्या खाली कसे आणायचो ते असं होय!"

"एक मार्ग आहे," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "पानाच्या तळाला, बारीक अक्षरांत. काळजी घेणाऱ्या व्यक्तीनं यापुढे काळजी घेण्यास नकार दिला, तर सगळी वजावट रद्द होते. पुन्हा चव्वेचाळीस. मदतनीस सोमवारपासून येऊ शकते."

"मग द्या की लिहून!" वहिनी म्हणाल्या.

"लिहून चालत नाही. बोलावं लागतं. अर्जदाराच्या समोर, नात्यात नसलेल्या दोन साक्षीदारांच्या देखत, मोठ्यानं. कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की नकार सशर्त होतो. रडायचं नाही, रडलं तर तो दबावाखाली दिलेला ठरतो."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिले. ती पलंगाची चादर सारखी करत होती.

"काय म्हणायचं नक्की?" तिने विचारले.

"मी हिला उचलणार नाही."

"हॅ! असं कसं म्हणायचं? ती ऐकतेय ना."

"त्यांनी ऐकायलाच हवं, असा नियम आहे."

धाकटीने घसा खाकरला. "मी... म्हणजे, ताईला उचलायला तशी माझी काही ना नाही, पण..."

"पण नको."

"बरं. मी उचलणार नाही, खांदा दुखतो म्हणून."

"कारण झालं."

"मी उच..." एवढ्यावर तिचा आवाज चिरकला आणि डोळे भरले. फिजिओथेरपिस्टने लेखणी खाली ठेवली, मनगटावरचे घड्याळ पाहिले, आणि पुढच्या घराला उशीर झालेला असूनही ती थांबून राहिली.

"बेबी," थोरली धाकटीला म्हणाली. "इकडे बघ. मी बावन्न किलोची आहे. दिवसातून सहा वेळा, अकरा वर्षं. चोवीस हजारांच्या वर होतात. मी केव्हाच मोजून ठेवलेत, फक्त तुला दाखवले नाहीत. मला वाटलं, दाखवले तर तू थांबशील."

"चोवीस हजार," फिजिओथेरपिस्ट हळूच म्हणाली. तिने फॉर्म खालून वर, वरून खाली पाहिला. "याला रकाना नाही."

"मग म्हण बाई," थोरली म्हणाली. "मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघीन."

"असं कसं म्हणेल ती?" वरच्या आजींना राहवेना. "सख्खी बहीण! लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे त्या, वहिनी आणि भाऊसाहेब. आणि हे वाचत आलेले तुम्ही. तुम्हालाही मघापासून या दोघींचा जिव्हाळा गोड वाटत असेल, धाकटीच्या सेवेने तुमचेही मन भरून आले असेल, आणि तिने शेवटी काही कठोर बोलू नये असे मनातल्या मनात वाटत असेल. विभागाने त्याची सोय करून ठेवलेली आहे. तुमचे दोन गुण वजा झाले. नऊ राहिले.

धाकटीने डोळे पुसले. डाव्या हाताने, कारण उजवा तेवढा वर जात नव्हता. ती ताईच्या समोर येऊन उभी राहिली, साक्षीदारांकडे पाठ करून.

"मी उद्यापासून तुला उचलणार नाही," ती मोठ्याने म्हणाली.